मिलवॉकी: स्थलांतरितांचे शहर, हद्दींचे राजकारण

अमेरिकेतील मध्यम आकाराच्या शहरांच्या राजकारणाविषयी एक सोपे स्पष्टीकरण नेहमी ऐकू येते. जर्मन आले तिथे काटेकोर कारभार आला, आयरिश आले तिथे पक्षाचे वॉर्डनिहाय दादा आले, स्कँडिनेव्हियन आले तिथे सहकार रुजला. आणि दक्षिणेतून कृष्णवर्णीय आले तेव्हा गोरे उपनगरांत निघून गेले. ज्या समाजाचा जसा स्वभाव तसे शहराचे राजकारण, असा या म्हणण्याचा मथितार्थ. विस्कॉन्सिन राज्यातील, मिशिगन सरोवराच्या काठच्या मिलवॉकी शहराचा इतिहास पाहिला की हे स्पष्टीकरण टिकत नाही, असे माझे मत आहे. लोक कुठून आले याला महत्त्व आहेच. परंतु आल्यावर त्यांना कुठे राहू दिले, त्यांच्या वस्तीभोवती वॉर्डाची, धर्मग्रामाची (एका चर्चच्या वस्तीची) आणि नगरपालिकेची रेघ कोणी ओढली, आणि ती रेघ पुढे हलू दिली की गोठवून टाकली, यावर त्यांच्या मताचे वजन ठरत गेले.

या शहराचा जन्मच हद्दीच्या भांडणातून झाला. १८३० च्या दशकात मेनॉमिनी आणि पोटावाटोमी या मूळ रहिवाशांशी केलेल्या करारांतून ही जमीन सरकारकडे गेली आणि नदीच्या मुखाशी तीन जमीन-व्यावसायिकांनी तीन वेगळी गावे वसवली: सॉलोमन जुनो यांनी पूर्वेला, बायरन किलबर्न यांनी पश्चिमेला आणि जॉर्ज वॉकर यांनी दक्षिणेला. किलबर्न यांनी आपले रस्ते आखताना पलीकडच्या गावाच्या रस्त्यांशी ते जुळू नयेत अशी काळजी घेतली, कारण तिकडे जाण्याचे कारणच लोकांना उरू नये अशी त्यांची इच्छा होती. पुलांचा खर्च कोणी करायचा यावरून १८४५ मध्ये तंटा इतका पेटला की माणसांनी पूल तोडले. पुढच्याच वर्षी तिन्ही गावांचे एक शहर झाले. पण रस्ते जुळले नव्हते ते नव्हतेच, म्हणून मध्य मिलवॉकीतील काही पूल आजही नदी तिरकी ओलांडतात.

१८४८ ची क्रांती फसल्यावर जर्मन प्रदेशांतून जे लोक इथे आले त्यांत कवी, शिक्षक, व्यायामशाळांचे कार्यकर्ते आणि धर्म न मानणारे विचारवंत होते. त्यांनी नाटकगृहे काढली, वृत्तपत्रे काढली, १८५३ मध्ये टर्नर संघाची व्यायामशाळा काढली. मात्र या सुशिक्षित मंडळींच्या मागून आलेले हजारो जर्मन शेतकरी आणि कारागीर कॅथलिक किंवा ल्युथरन होते आणि त्यांना या नास्तिक देशबांधवांचे तोंडही पाहायचे नव्हते. ‘जर्मन मत’ नावाची एकसंध वस्तू मिलवॉकीत मुळात नव्हती. ती क्षणभर निर्माण झाली ती राज्य सरकारच्या कृपेने. १८८९ मध्ये विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने बेनेट कायदा करून शाळांत ठरावीक विषय इंग्रजीतूनच शिकवले पाहिजेत, अशी सक्ती केली. आपल्या चर्चने चालवलेल्या शाळांवर गदा येते असे दिसताच एरवी एकमेकांच्या वाऱ्याला न उभे राहणारे जर्मन कॅथलिक आणि जर्मन ल्युथरन एकाच बाजूला गेले, १८९० मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर विल्यम होर्ड पडले आणि मिलवॉकीचे डेमोक्रॅट महापौर जॉर्ज पेक त्यांच्या जागी बसले. १८९१ मध्ये कायदा रद्द झाला आणि ती एकजूटही लवकरच विरली. समाजाची राजकीय ओळख त्याच्या रक्तात असती तर ती अशी दोन वर्षांत उगवून मावळली नसती.

शहराच्या दक्षिण भागात पोलिश लोकांनी जे उभारले ते मला अधिक बोलके वाटते. ते उशिरा आले, हातात पैसा कमी आणि काम सर्वांत जड: पोलाद गिरण्या, चामड्याचे कारखाने, ओतशाळा. तरीही त्यांनी भाड्याच्या चाळींवर समाधान मानले नाही. कुटुंब आधी जमिनीचा अरुंद तुकडा आणि त्यावर एक मजली लाकडी घर घेई. चार पैसे साठले की ते घर जॅक लावून तसेच्या तसे वर उचलत आणि त्याखाली अर्धे जमिनीत, अर्धे वर असे विटांचे बिऱ्हाड बांधत. त्या बिऱ्हाडात नवा आलेला चुलतभाऊ किंवा भाडेकरू राही आणि त्याच्या भाड्यातून कर्जाचे हप्ते फिटत. अशी घरे दक्षिण भागात आजही रांगेने उभी आहेत. घर स्वतःचे म्हणून मालमत्ता कराची नड स्वतःची, चर्च स्वतःचे म्हणून धर्मग्रामाची वर्गणी स्वतःची. शिकागोतील पाडलेल्या सरकारी टपाल इमारतीचे दगड आणि खांब आगगाडीने आणून या मजुरांनी १९०१ मध्ये सेंट जोसाफाटचे भव्य चर्च पुरे केले. अशा वस्तीतून जो मतदार घडतो तो आपल्या गल्लीला प्राणपणाने जपतो. यात सामर्थ्य आहे, आणि त्याची दुसरी बाजू साठ वर्षांनी दिसणार होती.

या लोकांना राज्यसत्तेची पहिली ओळख गोळीने झाली. ५ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी बे व्ह्यूच्या गिरणीकडे निघालेल्या, बहुतांशी पोलिश असलेल्या कामगारांवर गव्हर्नर जेरेमाया रस्क यांच्या आदेशाखालील सैनिकांनी गोळीबार केला आणि किमान सात माणसे मेली. जर्मन कामगार संघटना आणि पोलिश मजूर यांच्यात भाषेचे, चर्चचे कितीही अंतर असले तरी या घटनेने त्यांना एक सामाईक आठवण दिली.

१९१० मध्ये मिलवॉकीने एमिल सायडेल यांना महापौर केले. अमेरिकेतील मोठ्या शहराचे ते पहिले समाजवादी महापौर. त्याच वर्षी ऑस्ट्रियन साम्राज्यात जन्मलेले व्हिक्टर बर्गर अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, निवडून गेलेले पहिले समाजवादी ठरले. पुढे डॅनियल होन १९१६ ते १९४० असे सलग चोवीस वर्षे महापौर राहिले आणि १९४८ ते १९६० या काळात फ्रँक झाइडलर. जर्मन स्वभावाचा दाखला म्हणून हाच कालखंड पुढे केला जातो. पण ओहायो नदीकाठचे सिनसिनाटी याहून जुने जर्मन शहर होते, आणि तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज कॉक्स या रिपब्लिकन दादाचे राज्य चालले, ज्याला जर्मन वस्त्यांतूनही भरघोस मते पडत. माणसे त्याच मुलखातली असताना फळ वेगळे आले, याचे उत्तर स्वभावात सापडणार नाही. मिलवॉकीत बिअर बनवणारे आणि धातुकाम करणारे कुशल कामगार कारखान्यांच्या आसपास सलग वस्ती करून राहत होते, कामगार संघटना आणि पक्ष यांची माणसे तीच होती, बर्गर यांची वृत्तपत्रे आणि पक्षाचे स्वयंसेवक रविवारी सकाळी घरोघरी त्या त्या भाषेतील पत्रके पोहोचवत होते, आणि वॉर्डांच्या रेघा या वस्त्यांशी बऱ्याच अंशी जुळत होत्या. पोलिश वॉर्डांतील कामगारांची साथ मिळाली तेव्हाच सत्ता आली. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट यांनी हे नेमके ओळखले: १९१२ मध्ये दोघांनी मिळून एक उमेदवार दिला, सायडेल पडले, आणि शहराच्या निवडणुका पक्षचिन्हाविना घेण्याचा कायदा झाला.

या समाजवाद्यांना त्यांच्याच चळवळीतले लोक गटारांचे समाजवादी म्हणून हिणवत, कारण क्रांतीपेक्षा त्यांना मलनिस्सारण, लसीकरण, बागा आणि सचोटीची लेखातपासणी यांत अधिक रस होता. मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. जोन्स आयलंडवरचे त्यांच्या काळातले मैलाशुद्धीकरण केंद्र १९२५ मध्ये सुरू झाले आणि त्यातून निघणारा गाळ वाळवून ‘मिलॉर्गनाइट’ नावाचे खत म्हणून विकला जाऊ लागला; ते अजूनही विकले जाते. पण त्याच जोन्स आयलंडवर पूर्वी बाल्टिक किनाऱ्यावरून आलेल्या काशुबियन कोळ्यांची वस्ती होती. ते पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिले, जाळी वाळवली, मुले वाढवली; त्यांच्याकडे जमिनीचा कागद नव्हता. बंदर आणि शुद्धीकरण केंद्र आले तेव्हा त्यांना उठावे लागले. कामगारांचे म्हणवणारे सरकारही, ज्याच्या नावावर जागा नाही अशा माणसापुढे इतर कोणत्याही सरकारसारखेच वागले, ही गोष्ट त्या काळाचे कौतुक करताना लपवू नये.

दक्षिणेतून उत्तरेकडे झालेले कृष्णवर्णीयांचे महास्थलांतर मिलवॉकीला उशिरा पोहोचले. १९४० मध्ये शहरात जेमतेम ९,००० कृष्णवर्णीय होते. १९७० पर्यंत ही संख्या एक लाखाच्या पुढे गेली. पोलिश कुटुंबाने जे केले, म्हणजे नातलगाच्या आधाराने यायचे, कारखान्यात लागायचे, घर घ्यायचे, ते या नव्या लोकांनाही करायचे होते. त्यांना ते करू दिले गेले नाही. वॉवाटोसा या शेजारच्या उपनगरातील वॉशिंग्टन हायलंड्स वसाहतीच्या करारनाम्यात गोऱ्या वंशाखेरीज कोणीही तिथे घर घेऊ वा राहू नये असे कलम होते, आणि घरकामाच्या नोकरांना मात्र त्यातून वगळले होते. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमे अंमलबजावणीयोग्य नाहीत असा निकाल दिला. दलालांची आणि बँकांची वहिवाट पुढेही चालू राहिली. कृष्णवर्णीय कुटुंबे मध्य शहराच्या उत्तरेस ब्रॉन्झव्हिल नावाच्या मर्यादित पट्ट्यात दाटीने राहिली आणि झोपडपट्टी निर्मूलन व महामार्ग यांच्या नावाखाली त्या पट्ट्याचाही मोठा भाग पाडला गेला.

१९५६ मध्ये व्हेल फिलिप्स शहराच्या कॉमन कौन्सिलवर निवडून आल्या. तिथे पोहोचलेली पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. घर विकताना वा भाड्याने देताना वर्णभेद करू नये असा ठराव त्यांनी १९६२ पासून चार वेळा मांडला. चारही वेळा तो अठरा विरुद्ध एक असा फेटाळला गेला, आणि ते एक मत त्यांचे स्वतःचे होते. अठरा नगरसेवकांच्या मनात नेमके काय होते याचा न्याय मी करणार नाही. पण आपल्या वॉर्डातल्या मतदारांना काय हवे आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. १९६४ मध्ये अलाबामाचे वर्णभेदवादी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस विस्कॉन्सिनच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत उतरले तेव्हा दक्षिण मिलवॉकीतील सर्ब मेमोरियल हॉलमध्ये त्यांचे जल्लोषात स्वागत झाले आणि राज्यात त्यांना सुमारे एक तृतीयांश मते मिळाली.

२८ ऑगस्ट १९६७ रोजी एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या युवा शाखेतील तरुण मुलेमुली आणि कॅथलिक धर्मगुरू फादर जेम्स ग्रोपी घरांबाबतचा वर्णभेद थांबवण्याच्या मागणीसाठी सोळाव्या रस्त्याच्या पुलावरून दक्षिणेकडे निघाले. मेनॉमिनी नदीचे कारखान्यांनी भरलेले खोरे ओलांडणारा हा लांबलचक पूल आफ्रिकेला पोलंडशी जोडतो, असे शहरात म्हटले जाई. पलीकडे कोश्चुश्को पार्कच्या वाटेवर हजारोंचा जमाव उभा होता. दगड, बाटल्या आणि शिव्या यांच्या वर्षावातून मोर्चा गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाला. असे दोनशे रात्री चालले. ग्रोपी स्वतः दक्षिण भागातच, इटालियन स्थलांतरितांच्या घरी वाढले होते, आणि पूर्वी त्याच भागातल्या चर्चमध्ये त्यांनी सेवा केली होती. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर केंद्राचा गृहनिवास कायदा झाला आणि ३० एप्रिलला मिलवॉकीनेही त्याहून कडक ठराव मंजूर केला.

पोलिश मतदार जन्मतः वर्णद्वेष्टा होता, असे म्हणून मोकळे होणे मला मान्य नाही. आयुष्याची सगळी पुंजी ज्याने एका अरुंद घरात घातली होती त्याला दलाल सांगत होता की शेजारी काळे कुटुंब आले तर घराची किंमत पडेल, आणि कर्ज देणाऱ्या संस्थांचे नियम ते भाकीत खरे करून दाखवत होते. दगड मारणाऱ्याचा गुन्हा यामुळे कमी होत नाही. परंतु ज्यांनी हे नियम केले त्यांच्या अंगणात मोर्चा गेलाच नाही, कारण ते तोवर शहराच्या हद्दीबाहेर राहायला गेले होते.

हद्दीचा हा मुद्दा फ्रँक झाइडलर यांना सर्वांच्या आधी समजला होता. कारखाने आणि मध्यमवर्ग बाहेर सरकणार, आणि शहर आपल्या जुन्या सीमेत कोंडले गेले तर गरिबी त्याच्या वाट्याला व कर दुसऱ्याच्या वाट्याला जाईल, हे ओळखून त्यांनी शेजारचे ग्रामीण भाग शहरात सामील करून घेण्याचा धडाका लावला. त्यांच्या कारकिर्दीत शहराचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झाले. मग १९५५ मध्ये राज्य विधिमंडळाने ओक क्रीक कायदा केला. त्यामुळे दक्षिणेकडील त्या ग्रामीण भागाला स्वतंत्र शहराचा दर्जा घेता आला आणि इतरांनाही वाट मिळाली. मिलवॉकीभोवती उपनगरांचे कडे पुरे झाले. १९५६ च्या निवडणुकीत झाइडलर यांनी दक्षिणेत फलक लावून कृष्णवर्णीयांना मिलवॉकीत बोलावले, अशी धादांत खोटी अफवा पसरवली गेली. ते निवडून आले. १९६० मध्ये पुन्हा उभे राहिले नाहीत.

ओहायोतील कोलंबसशी तुलना करून पाहा. १९५० मध्ये मिलवॉकीची लोकसंख्या सुमारे ६ लाख ३७ हजार होती, कोलंबसची ३ लाख ७६ हजार. कोलंबसचे महापौर जॅक सेन्सेनब्रेनर यांनी १९५४ पासून नियम धरला की शहराचे पाणी आणि मलवाहिनी हवी असेल तर शहरात सामील व्हा. आज कोलंबसचे क्षेत्रफळ मिलवॉकीच्या दुपटीहून अधिक आहे. २०२० मध्ये तिथे ९ लाखांवर लोक होते आणि मिलवॉकीत ५ लाख ७७ हजार. कोलंबस ही राजधानी आहे, तिथे प्रचंड विद्यापीठ आहे, हे फरक खरे आहेत. शिवाय तिथेही शाळांच्या हद्दी शहराच्या हद्दीबरोबर वाढल्या नाहीत, त्यामुळे गोऱ्या पालकांना शहरात राहूनही शहराच्या शाळा टाळता आल्या. तरीही वाढत्या वस्तीचा कर शहराच्या तिजोरीत येत राहिला. मिलवॉकीलाही पाण्याचा हाच दोर ओढायचा होता, पण राज्य त्याच्या पाठीशी उभे राहिले नाही.

परिणाम आजही दिसतात. २०२० च्या निवडणुकीत मिलवॉकी काउंटीने (जिल्ह्याने) बायडेन यांना सुमारे ६९ टक्के मते दिली आणि लागून असलेल्या वॉकेशा काउंटीने ट्रम्प यांना सुमारे ६० टक्के. संपूर्ण राज्याचा निकाल एकवीस हजारांहून कमी मतांनी ठरला. शहराच्या नोकरांनी शहरातच राहावे हा १९३८ पासूनचा मिलवॉकीचा नियम राज्याने २०१३ मध्ये मोडीत काढला. १९११ मध्ये विस्कॉन्सिनने आयकर सुरू केला तेव्हा त्यातील ७० टक्के वाटा स्थानिक नगरपालिकांना मिळे. अलीकडच्या दोन दशकांत राज्याकडून येणारी मदत जवळपास गोठली आणि २०२३ मध्ये शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले, तेव्हा दोन टक्के विक्रीकर लावण्याची परवानगी विधिमंडळाने दिली ती शहराचे अनेक निर्णय बांधून घेणाऱ्या अटींसह. विक्रीकराचा बोजा गरिबावर अधिक पडतो, हे वेगळे सांगायला नको.

दरम्यान नवे लोक येतच आहेत. कोश्चुश्को पार्कच्या आसपास आता प्रामुख्याने लॅटिनो कुटुंबे राहतात, पोलिश बिऱ्हाडांत आता त्यांची मुले वाढतात. आग्नेय आशियातले हमोंग आले, अलीकडे रोहिंग्या आले. १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर आलेले भारतीय डॉक्टर आणि अभियंते मात्र बहुतेक थेट उपनगरांत उतरले. विस्कॉन्सिनचे हिंदू मंदिर वॉकेशा काउंटीतील पेवॉकी येथे आहे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. मराठी कुटुंबही अमेरिकेत घर शोधताना पहिला प्रश्न शाळा कशी आहे हाच विचारते. प्रश्न रास्त आहे. पण ती शाळा चांगली का आहे आणि दहा मैलांवरची वाईट का, याचे उत्तर १९५५ च्या रेघेत आहे, आणि ती रेघ जिथे आहे तिथेच राहावी यासाठी दिल्या जाणाऱ्या मतांत आता आपल्या माणसांचीही मते मिसळली आहेत. आपण ती रेघ ओढली नाही म्हणून तिच्याशी आपला संबंध नाही, असे मला म्हणता येत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. लहान नगरपालिकेत नागरिकाचा आवाज ऐकला जातो, मोठ्या शहरात तो हरवतो. स्वतःचा कारभार स्वतः पाहू इच्छिणाऱ्या गावाला बळजबरीने गिळणे ही लोकशाही कशी? हा आक्षेप मी टाळत नाही. किंबहुना पोलिश वॉर्डाचे सामर्थ्य याच जवळिकीत होते. पण स्वशासनाचा हक्क आणि सामाईक संपत्तीतला वाटा न देण्याचा हक्क, या दोन गोष्टी एकच नाहीत. शेजारच्या मिनेसोटाने १९७१ मध्ये कायदा करून मिनीयापोलिस आणि सेंट पॉलच्या सात काउंट्यांत व्यापारी व औद्योगिक मालमत्तेच्या मूल्यात होणाऱ्या वाढीचा ४० टक्के भाग सर्व नगरपालिकांनी वाटून घ्यावा असे ठरवले. कोणत्याही गावाची हद्द पुसली नाही, कोणाचा महापौर गेला नाही, आणि कायदा अर्धशतकानंतरही चालू आहे.

विस्कॉन्सिनला हे अशक्य नाही. वॉकेशा शहराच्या भूजलात रेडियम निघाले, तेव्हा सरोवर खोऱ्याबाहेर असूनही मिशिगन सरोवराचे पाणी मागण्यासाठी त्याला आठ राज्यांची संमती घ्यावी लागली, ती २०१६ मध्ये मिळाली. आणि ऑक्टोबर २०२३ पासून मिलवॉकीच्या जलविभागाकडून विकत घेतलेले पाणी वॉकेशाच्या नळांना येते. जे विधिमंडळ एका शहराला विक्रीकराच्या बदल्यात अटी घालू शकते, ते सरोवराच्या पाण्यावर वाढणाऱ्या सगळ्या काउंट्यांना करवाढीतील वाटा सामाईक करायला सांगू शकते, आणि ही मागणी सर्वांत आधी त्या उपनगरांतील मतदारांनी, त्यांत राहणाऱ्या भारतीयांनीही, आपल्या आमदारांकडे केली पाहिजे.